एका फेऱ्याला दीड मीटर

पहाटे पावणेसहाला वडकी मागं पडलं आणि दिवे घाटाचं पहिलं वळण समोर आलं. मार्चचा मध्य असला तरी हवेत गारवा होता. सासवडकडून पुण्याच्या बाजाराला निघालेल्या भाजीच्या टेंपोंचे दिवे डोंगराच्या अंगावरून एकामागून एक उतरत होते. मी सायकल कडेला घेतली, डावा पाय टेकला, दोन घोट पाणी प्यायले आणि उजव्या गुडघ्यावर तळवा ठेवला. गरम नव्हता, सूजही नव्हती. सात महिने झाले, कुठंही थांबलं की हात आधी गुडघ्यावर जातो. मग चेन पुढच्या सगळ्यात लहान चक्रावर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणली आणि पायडल मारायला सुरुवात केली. जायचं होतं मल्हारगडावर.

गेल्या जुलैत राजगडावरून गुंजवण्याकडं उतरत होतो. चोर दरवाज्याखालच्या निसरड्या वाटेवर माझा उजवा पाय दोन दगडांत अडकून राहिला आणि शरीर मात्र डावीकडं फिरलं. गुडघ्यात ‘खट्’ असा आवाज झाला. दुखणं आता फारसं आठवत नाही, तो आवाज आठवतो. सोबतच्या मंडळींनी आधार देत, कधी पाठीवर घेत मला खाली आणलं. एरवी तासा-दीड तासाची ती उतरण, त्या दिवशी अंधार पडेपर्यंत चालली.

गुडघ्याच्या आत फुलीसारखे एकमेकांवरून गेलेले दोन अस्थिबंध असतात. त्यातला पुढचा, ज्याला सगळे ‘एसीएल’ म्हणतात, तो पूर्ण तुटला होता. ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली. मांडीच्या मागच्या बाजूचा स्नायूबंध काढून त्याचा नवा अस्थिबंध केला आणि हाडात बोगदे पाडून तो बसवला. डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावून सांगितली, आणि ती मी पुढं प्रत्येक ओळखीच्या जायबंदी माणसाला सांगत आले आहे. बसवलेला हा बंध पहिल्या दिवशी असतो त्याहून नंतरच्या काही आठवड्यांत कमकुवत होतो. शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं, त्याची नव्यानं घडण करतं, आणि या काळात तो नाजूक असतो. नेमकं तेव्हाच दुखणं कमी झालेलं असतं आणि माणसाला वाटतं, आपण बरे झालो. पुष्कळ जण तिथंच फसतात. मला सांगितलं होतं की वर्षभर मोठा गड नाही, धावणं नाही, पाय रोवून वळणं नाही.

वीस वर्षं सह्याद्रीत हिंडल्यावर रविवार घरी काढणं फार जड जातं. खिडकीतून कानिफनाथाचा डोंगर दिसतो. पावसात तो हिरवा होताना पाहिला, दिवाळीनंतर पिवळा पडतानाही पाहिला.

सायकल आयुष्यात आली ती फिजिओथेरपीच्या खोलीत, एका जागी खिळलेली. शस्त्रक्रियेनंतर पाचव्या आठवड्यात फिजिओ मुलीनं मला व्यायामाच्या सायकलवर बसवलं. गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकत होता आणि पायडलचा पूर्ण फेरा व्हायला त्याहून बराच जास्त वाकावा लागतो. त्यामुळं मी नुसती पुढं-मागं, पुढं-मागं अशी पायडल झुलवत होते. दहा दिवसांनी ती म्हणाली, “मॅडम, आता उलटा फिरवून बघा. उलटा फेरा आधी जमतो.” तिनं सीट आणखी दोन बोटं वर केली, म्हणजे गुडघ्याला वर येताना कमी वाकावं लागेल. आणि फेरा पूर्ण झाला. पहिला, दुसरा, मग सरळ दिशेनंही. मी त्या सीटवर बसून रडले. तिनं काही न बोलता पंखा मोठा केला.

सायकल या दुखण्याला का चालते, हेही तिनंच सांगितलं. पाय एकाच रेषेत वर-खाली जातो, पीळ पडत नाही, शरीराचं वजन सीटवर असतं, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला भरपूर काम मिळतं. शस्त्रक्रियेनंतर तोच स्नायू वितळल्यासारखा बारीक होतो. टेपनं मोजलं तर माझ्या दोन मांड्यांत तीन सेंटिमीटरचा फरक होता. धोका पायडल मारण्यात नाही, धोका आहे तोल जाऊन पाय अचानक टेकण्यात. म्हणून रस्त्यावर यायला डिसेंबर उजाडला आणि मातीच्या वाटेला फेब्रुवारी.

तोवर पैसे संपत आले होते. शस्त्रक्रिया, औषधं, फिजिओचे पैसे आणि वर दीड महिना बिनपगारी रजा. मनाशी ठरवलं की सायकलीपायी बारा हजारांच्या वर एक रुपया घालायचा नाही. दुकानात डोंगरात चालवायच्या चांगल्या सायकलींच्या किमती पाहिल्या तर पंचवीस-तीस हजारांपासून पुढं लाखांत जात होत्या. मी तशीच परत आले आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावताना खांबामागं नजर गेली. धुळीनं राखाडी झालेली, दोन्ही चाकं बसलेली, हँडलवर कोळ्याचं जाळं असलेली एक गिअरची सायकल. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकलींची लाट आली होती, तेव्हाची. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मुलासाठी घेतली, मुलगा शिकायला बाहेर गेला. साडेचार हजारांत सौदा ठरला.

हडपसरला गाडीतळाजवळ एक जुने सायकलमिस्त्री आहेत. काकांनी सायकल उलटी केली, चाक गरकन फिरवलं आणि ब्रेकजवळ डोळा नेऊन पाहत राहिले. “मागचं चाक आऊट आहे ताई, काढून देतो. फ्रेम चांगली आहे. वेल्डिंगला कुठं चीर नाही, ते आधी बघायचं असतं.” मग त्यांनी हब उघडून छर्रे काढले, जुनं काळं ग्रीस रॉकेलनं धुतलं आणि नवं भरलं. पुढचा सस्पेन्शनचा चिमटा गंजून घट्ट झाला होता. मी विचारलं, हा बदलायचा का? ते म्हणाले, “याच्यावर पैसे घालू नका. टायर जाड घ्या, हवा थोडी कमी ठेवा. तेच तुमचं सस्पेन्शन.” दोन टायर १७०० रुपये. चेन, ब्रेकचे रबर, केबली, मजुरी आणि मागचं नवं फ्रीव्हील मिळून २६००. हेल्मेट १६००. पंप, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, मागचा लाल दिवा ९००. एकूण ११,३०० रुपये.

त्यातलं फ्रीव्हील ही माझ्या मते सगळ्यात मोलाची खरेदी. जुन्याचं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं होतं, नव्याचं ३४. पुढचं लहान चक्र २४ दात्यांचं. म्हणजे मी पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की मागचं चाक पाऊण फेऱ्याहूनही कमी फिरतं आणि २६ इंची चाकाची सायकल जेमतेम दीड मीटर पुढं जाते. आधी ती पावणेदोन मीटर जायची. वीत-दीड वीत अंतराचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. चढावर गुडघ्याला विचारा.

काका ग्रीस भरत होते तेव्हा मला एक जुनी हकीकत आठवली. डोंगरात सायकल चालवण्याचा हा खेळ जिथून जगभर गेला ते ठिकाण कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातलं, तमालपायस डोंगराच्या परिसरातलं. १९७० च्या दशकात तिथल्या पोरांनी भंगारातून तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या जाड टायरच्या जड सायकली उचलल्या आणि कच्च्या रस्त्यावरून खाली सोडल्या. पायडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक मागच्या हबमध्ये असायचा. दोन मैलांच्या आत सुमारे १३०० फूट उतरताना तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि दर खेपेला हब उघडून ग्रीस पुन्हा भरावं लागायचं. पुन्हा भरायचं म्हणून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथं घड्याळ लावून पहिली शर्यत झाली. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही तेव्हाची मंडळी. पुढच्याच वर्षी जो ब्रीझनं खास या कामासाठी नवी सायकल बांधली, आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. सुरुवात भंगाराची आहे हे मला फार धीर देऊन गेलं. गाडीतळावरच्या काकांचे ग्रीसनं माखलेले हात त्या गोष्टीत अगदी शोभले असते.

फेब्रुवारीचे सगळे रविवार मी मुठा उजव्या कालव्याच्या कडेच्या मातीच्या वाटेवर काढले. खडकवासल्याचं पाणी घेऊन हा कालवा पुण्यातून हडपसरवरून पुढं दौंड-इंदापूरकडं जातो. वाट सपाट, मऊ, आणि मधे मधे खड्डे. तिथं मी शिकले की खड्ड्यावरून जाताना सीटवर बसून राहायचं नाही. दोन्ही पायडल एका पातळीत आणायची, जरासं उठायचं, कोपर सैल सोडायचे. उतारावर कंबर मागं न्यायची. ब्रेक एका-दोन बोटांनी, दोन्ही एकत्र, थोडे थोडे. पाय बांधणारी पायडल माझ्यासाठी वर्ज्य, साधी सपाट हवीत, म्हणजे पाय क्षणात सुटतो. आणि टेकायचा तो नेहमी डावा. सायकल उजवीकडं कलू द्यायचीच नाही. हे शरीरात मुरवायला मी एका पिंपळाखाली शंभर वेळा तरी थांबले आणि निघाले असेन. सकाळी फिरायला येणाऱ्या आजी एकदा म्हणाल्या, “अगं, सारखी उतरतेस कशाला? बिघडलीय का?” मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःचा गुडघा दाखवला, बदललेला. त्यानंतर आम्ही दर रविवारी एकमेकींच्या गुडघ्याची चौकशी करू लागलो.

दिवे घाटाचा चढ मी चार किलोमीटर धरला होता. एका फेऱ्याला दीड मीटर म्हणजे सुमारे २७०० फेरे. व्यायामाच्या सायकलवर मी एका बैठकीत एवढे फेरे मारत होते, त्यामुळं हा हिशेब मनाला बळ देत होता. मिनिटाला साठ फेरे, वेग ताशी पाचच्या थोडा वर, चालणाऱ्या माणसाच्या जरासा पुढं. घाटात रुंदीकरणाच्या कामामुळं कडेला मुरूम आणि खडी पसरलेली होती. मागून ट्रक आला की मी खाली उतरून उभी राहत होते. डावीकडं-उजवीकडं झुलत, जोर लावून चढणाऱ्या सायकलस्वारांची एक टोळी मला मागं टाकून गेली. जाताना प्रत्येकानं “नमस्कार मॅडम” म्हटलं.

आषाढात माउलींची पालखी याच घाटानं सासवडला जाते. चढ मोठा म्हणून रथाला इथं जादा बैलजोड्या जुंपतात. मी ते दोनदा पाहिलं आहे. बैलांच्या मानेवरची झूल, गाडीवानांचे हाकारे, आणि दोन्ही बाजूंनी टाळ. ३४ दात्यांचं चक्र हीच माझी जादा जोडी, असं मनात म्हणत मी फेरे मोजत राहिले. नऊशेच्या आसपास मोजणं सुटलं, कारण खाली मस्तानी तलाव उजळायला लागला. आटत आलेलं पाणी, दगडी भिंत, आणि त्याच्यापलीकडं पुण्याच्या इमारतींचा धुरकट पट्टा. सात वाजायच्या आत मी वर होते. मधे पाच वेळा थांबले होते आणि गुडघा शांत होता.

घाटमाथ्यावर चहा घेतला. मग झेंडेवाडीचा फाटा धरला आणि गावाच्या पुढं डांबर संपलं. ज्याच्यासाठी ही सायकल घेतली ती वाट ही. एका बाजूला अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा, दुसऱ्या बाजूला माळ, आणि समोर मल्हारगडाचा बुटका, रुंद डोंगर. चाकाखाली खडे करकरत होते. तीनशे-चारशे मीटर सायकल सुरेख चालली. मग वाट तिरकी होऊन दगडांची झाली, तिथं मी उतरले आणि ढकलायला लागले. सोळा किलोची सायकल चढावर ढकलणं सोपं नाही, पण पाय कुठं ठेवायचा हे आपल्या हातात राहतं. पुन्हा सपाटी आली की पुन्हा टांग. असं तीन-चार वेळा झालं. डोंगरातली सायकल म्हणजे सतत सीटवर असणं, असा समज असेल तर तो काढून टाकावा. या खेळात चालणंही खेळाचाच भाग आहे.

एका बांधाजवळ पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा. मला अजून उकिडवं बसता येत नाही, त्यामुळं पंक्चर काढायला दगडावर बसावं लागतं आणि चाक मांडीवर घ्यावं लागतं. अंजीर तोडणाऱ्या एका काकूंनी ते पाहिलं आणि बादलीभर पाणी आणून ठेवलं. मी ट्यूब बुडवली, त्यांनी बोट दाखवलं, “हितनं बुडबुडं येत्यात बघा.” मी टायरच्या आतून फडकं फिरवलं तर दुसरा काटाही सापडला. तो राहिला असता तर दहा पावलांवर पुन्हा तेच. ठिगळ सुकेपर्यंत त्यांनी विचारलं, पायाला काय झालंय. सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमच्या मालकांचा पाय बैलानं मोडला होता. सहा महिने बसून होते, पण उठल्यावर पहिल्यांदा शेतातच आले.” निघताना माझ्या पिशवीत चार अंजीर टाकले. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते का मिळालं हे झाडाखाली बसून खाल्लं की कळतं. साल इतकी पातळ की बोटांनीच फाटते, आणि आत मधासारखा लालसर गर.

गडाच्या पायथ्याला सायकल एका झाडाला कुलूप लावून ठेवली, दप्तरातून घडीची काठी काढली आणि चालायला लागले. मल्हारगड लहान आहे, अर्ध्या तासाचा चढ. मराठ्यांनी बांधलेल्या गडांत हा सर्वांत शेवटचा मानतात, १७५७ ते १७६० च्या सुमाराचा. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे यांनी तो बांधला. त्यांची गढी पायथ्याच्या सोनोरीत आहे, म्हणून याला सोनोरीचा किल्लाही म्हणतात. गडाचा तट त्रिकोणी, आत चौकोनी बालेकिल्ला, आणि त्यात खंडोबा आणि महादेवाची दोन देवळं जवळजवळ उभी. राजगड-तोरण्यापुढं हा गड चिमुकला, आणि पूर्वी मी त्याच्याकडं कधी नीट पाहिलंही नव्हतं. पावसाळ्यात शाळेची मुलं घेऊन यायचं आणि दोन तासांत परत जायचं, एवढीच ओळख.

त्या दिवशी दरवाज्याच्या कमानीखाली आले आणि दगडावर हात ठेवला. गार होता, आणि घडीव चिऱ्याची धार तळव्याला लागत होती. आठ महिन्यांनी गडाचा दगड हाताला लागला होता. बराच वेळ तशीच उभी राहिले. मग तटावर बसून उरलेले दोन अंजीर खाल्ले. दक्षिणेला पुरंदर आणि वज्रगड, दुसऱ्या बाजूला दूर सिंहगड. राजगड त्या ओळींमागं कुठं तरी होता. इथून तो नजरेला पडला नाही, आणि मी फार शोधलाही नाही.

उतरायला चढण्याच्या दुप्पट वेळ लागला. जायबंदी गुडघ्याची खरी परीक्षा उतारावरच असते. काठी आधी, मग उजवा पाय, मग डावा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हा फिजिओच्या खोलीतल्या तीन लाकडी पायऱ्यांवर घोकलेला धडा मी पूर्ण गडभर म्हणत आले. पाय सरकला नाही.

सोनोरीकडची उतरण मात्र सायकलवर केली. कच्चा रस्ता, रुंद, पुढचं स्पष्ट दिसणारा. कंबर मागं, पायडल एका पातळीत, ब्रेक बोटांवर. कडेचं गवत मागं पळायला लागलं, कानात वारा भरला आणि उजवा गुडघा स्प्रिंगसारखा वाकत-उलगडत राहिला. किलोमीटरभराचं ते अंतर दोन-तीन मिनिटांत संपलं असेल. सोनोरीत पानशांच्या गढीचे बुरूज बाहेरून पाहिले, मुरलीधराच्या देवळात टेकले, आणि डांबरी रस्त्यानं सासवड गाठलं. कऱ्हेच्या काठी सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घेऊन जेवले.

परतीला दिवे घाट सायकलवर उतरायचा नाही, हे घरून निघतानाच ठरवलं होतं. दुपारची वाहनं, पसरलेली खडी आणि दमलेली मांडी, या तिन्ही गोष्टी एकत्र नकोत. रिकाम्या परतणाऱ्या टेंपोत सायकल टाकली आणि हडपसरपर्यंत शंभर रुपये दिले. रात्री बर्फ लावून गुडघा मोजला. दोन्ही गुडघ्यांच्या घेरात फरक अर्धा सेंटिमीटर. सकाळी तोही नव्हता. मांडीतला फरक अजून दीड सेंटिमीटर आहे.

तुमच्या पायावर अशी शस्त्रक्रिया झाली असेल तर माझे महिने तुम्हाला लावू नका, आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओला विचारा. पैसे थोडे असतील तर आधी हेल्मेट, ब्रेक आणि मागचं मोठं चक्र यांवर घाला. आणि एक विनंती सगळ्यांना आहे. आज खाली पार्किंगमध्ये जाऊन खांबामागं पाहा. तिथं तुमची सायकल गंजत उभी असेल तर तिची चाकं भरा, आणि तुम्हाला ती नको असेल तर या आठवड्यात कुणाला तरी देऊन टाका.